फायली आपल्या, कुलूप त्यांचं!

३१ जुलै २०२४, बुधवार. देशातल्या जवळपास तीनशे लहान बँकांच्या खातेदारांचं यूपीआय एकाएकी बंद पडलं. एटीएममधून पैसे निघेनात. बँका बहुतेक सहकारी, नाहीतर ग्रामीण. थेट हल्ला मात्र या बँकांवर झालेला नव्हता. त्यांना तंत्रज्ञान पुरवणारी सी-एज टेक्नॉलॉजीज ही स्टेट बँक आणि टीसीएस यांची संयुक्त कंपनी रॅन्समवेअरच्या तडाख्यात सापडली होती. लागण पुढे पसरू नये म्हणून यूपीआय चालवणाऱ्या मुंबईच्या एनपीसीआयने सी-एजची जोडणी तोडली आणि तपासणी करून दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडली. क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीने माग काढला, तेव्हा सुरुवात आणखी एक पायरी खाली सापडली. सी-एजशी जोडलेल्या ब्रोन्टू टेक्नॉलॉजी सोल्युशन्स या कंपनीचा नीट बंदिस्त न केलेला एक सर्व्हर. घाला घालणारी टोळी रॅन्समएक्स.

भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्यात एखाद्याचं खातं अशा बँकेत असेल, तर त्या दिवशी खताच्या दुकानात क्यूआर कोडसमोर तो का अडला, याचं उत्तर बँक, बँकेची कंपनी आणि त्या कंपनीशी जोडलेली कंपनी असं मागे मागे जात त्या एका सर्व्हरपाशी पोचत होतं. खेड्यातल्या माणसामागे कुणी हॅकर कशाला लागेल, असं आपण म्हणतो. त्याला मागे लागावंच लागत नाही.

संगणकातल्या फायली कुलूपबंद करायच्या आणि किल्लीसाठी खंडणी मागायची, हा रॅन्समवेअरचा मूळ प्रकार. आज त्याचा पुरता उद्योग झाला आहे. त्यात मालक आहेत, हस्तक आहेत, दलाल आहेत, टक्केवारी आहे, महिन्याचा पगारसुद्धा आहे. या उद्योगाच्या आतल्या काही गोष्टी प्रत्येकाला ठाऊक असायला हव्यात.

पहिली खंडणी : १८९ डॉलर, पत्ता पनामाचा

डिसेंबर १९८९. एड्सवरच्या जागतिक परिषदेला आलेले प्रतिनिधी आणि इतर मंडळी यांना टपालाने सुमारे २०,००० फ्लॉपी पोचल्या. वर लिहिलं होतं, एड्सची माहिती. फ्लॉपी घातल्यावर संगणक नीट चालायचा, पण साधारण ९० वेळा चालू-बंद झाला की फायलींची नावं गायब आणि पडद्यावर मागणी: पनामातल्या टपालपेटीच्या पत्त्यावर १८९ डॉलर पाठवा. पाठवणारा होता जोसेफ पॉप, हार्वर्डमध्ये शिकलेला जीवशास्त्रज्ञ. खटला चालवण्याइतकी त्याची मानसिक अवस्था ठीक नाही, असं ठरलं आणि तो सुटला.

पॉपचं कुलूप कच्चं होतं, तज्ज्ञांनी ते लवकरच उघडलं. शिवाय टपालाने खंडणी घेणारा सापडतोच. या दोन अडचणी पुढे सुटल्या आणि धंदा फोफावला. कुलूप पक्कं कसं करता येईल, याचा इशारा ॲडम यंग आणि मोटी युंग या संशोधकांनी १९९६ मध्येच देऊन ठेवला होता. पैसे लपवून घ्यायची सोय बिटकॉइनने केली. २०१३ मध्ये आलेल्या क्रिप्टोलॉकरने दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या.

बटईचा धंदा

मराठवाड्यात बटई कुणाला समजावून सांगावी लागत नाही. जमीन एकाची, राबणारा दुसरा, पीक वाटून. सेवेच्या रूपात भाड्याने मिळणारं रॅन्समवेअर हुबेहूब याच व्यवहारावर चालतं. मालक टोळी कुलूप लावणारा प्रोग्रॅम लिहिते, वाटाघाटीची खिडकी उघडून देते, चोरलेली माहिती टांगायची जागा सांभाळते. कुणाच्या संगणकात शिरायचं आणि काय पळवायचं, ते काम हस्तकांचं. लॉकबिट या एकेकाळी सर्वांत पसरलेल्या टोळीत मालकाचा वाटा २० टक्के, हस्तकाचा ८०. त्यातही लॉकबिटची एक युक्ती हस्तकांना फार आवडली. खंडणी आधी थेट हस्तकाच्या हाती पडे आणि मालकाचा हिस्सा तो नंतर पोचता करी. आपले पैसे मालक बुडवेल, ही भीतीच गेली आणि हस्तकांची रीघ लागली.

या दोघांच्या मध्ये तिसरा असतो, दार उघडून देणारा दलाल. कुठल्या कंपनीच्या आत जायचा पासवर्ड त्याने आधीच मिळवलेला असतो आणि तो त्याची विक्री करतो. म्हणजे तुमचा चोरलेला पासवर्ड वापरणारा आणि तो चोरणारा, यांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नसतं. पोलिसांना एक धागा सापडला तरी पुढचा हाती लागत नाही, त्याचं मोठं कारण हे.

महिन्याचा उत्तम कर्मचारी

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं. कॉन्टी टोळीने रशियाला जाहीर पाठिंबा दिला आणि चिडलेल्या एका माहीतगाराने तिचे हजारो अंतर्गत संदेश जगासमोर ठेवले. त्यातून दिसलं ते एक भरलेलं कार्यालय. भरतीसाठी मनुष्यबळ विभाग, मुलाखती, हजार-दोन हजार डॉलरच्या आसपासचे पगार, कामचुकारांना दंड आणि महिन्याच्या उत्तम कर्मचाऱ्याला बोनस. काही नोकरदारांना आपण नेमकं कुणासाठी काम करतो, हेही सुरुवातीला ठाऊक नव्हतं.

त्याच वर्षी ८ मे रोजी कोस्टारिकाच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी, रॉड्रिगो चावेस यांनी, याच कॉन्टीच्या हल्ल्यामुळे देशात आणीबाणी जाहीर केली. एका खंडणीखोर टोळीपायी देशाच्या सरकारला एवढं टोक गाठावं लागलं.

रविवारची पहाट आणि एमआयडीसी

२१ मार्च २०२१, रविवार, पहाटे अडीच. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या यंत्रणेत धोक्याच्या सूचना वाजल्या. सायनॅक नावाच्या रॅन्समवेअरने सर्व्हरवरच्या फायलींना कुलूप लावलं होतं. मुंबईतलं मुख्यालय आणि राज्यभरातल्या १६ प्रादेशिक कार्यालयांचं ऑनलाइन काम थांबलं. जालन्यासारख्या जिल्ह्यात भूखंड, पाणी, परवानगी यांसाठी उद्योजकाला याच महामंडळाकडे जावं लागतं, तेव्हा त्याची खिडकी बंद पडणं म्हणजे काय, ते तिथल्या कुणालाही विचारावं. ५०० कोटी मागितल्याच्या बातम्या झळकल्या. महामंडळाने मात्र सांगितलं की, चिठ्ठीत संपर्क कसा साधायचा एवढंच होतं, आकडा नव्हता.

आकडा नसणं ही या धंद्यातली रीतच आहे. आधी तुम्ही घाबरून संपर्क करायचा, मग तुमची ऐपत पाहून ते बोली लावणार. आत शिरलेले हस्तक कुलूप लावण्याआधी दिवसेंदिवस फायली वाचत बसतात. ताळेबंद, बँकेतली शिल्लक, सायबर विम्याची पॉलिसी. विमा किती रकमेचा आहे ते कळलं की मागणी तिथून सुरू. एफबीआयने नोव्हेंबर २०२१ मध्ये सावध केलं होतं की, कंपन्यांचं विलीनीकरण किंवा मोठा सौदा चालू असतानाची नाजूक वेळ या टोळ्या हेरतात.

आणि रविवारची पहाटही योगायोगाची नसते. २ जुलै २०२१ ला कसेया या अमेरिकन कंपनीमार्फत रेव्हिल टोळीने शेकडो उद्योगांना एकाच वेळी कुलूप लावलं, तो ४ जुलैच्या राष्ट्रीय सुटीआधीचा शुक्रवार होता. स्वीडनमध्ये कूप या साखळीची ८०० च्या आसपास किराणा दुकानं बंद राहिली, कारण गल्ल्यावरची यंत्रं चालेनात. आपल्याकडच्या संस्थांनी दिवाळीच्या सुटीत सर्व्हरवर कुणाचं तरी लक्ष राहील, एवढं तरी बघावं.

आधी कुलूप, मग बदनामी, मग फोन

बॅकअप असेल तर कुलपाची भीती उरत नाही. हे टोळ्यांनाही कळलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये मेझ टोळीने अलाइड युनिव्हर्सल या सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या कंपनीकडे पैसे मागितले, ते मिळेनात म्हणून चोरलेली माहिती उघड्यावर टाकली. तिथून दुहेरी पिळवणूक रूढ झाली. किल्लीचे पैसे वेगळे आणि गप्प बसण्याचे वेगळे. पुढे कंपनीच्या सेवांवर खोट्या गर्दीचा भडिमार करून त्या बंद पाडणं, ग्राहकांना आणि पत्रकारांना थेट फोन करणं, असं एकेक हत्यार जोडलं गेलं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्लॅककॅट टोळीने तर कमाल केली. मेरिडियनलिंक या अमेरिकन कंपनीने चोरीची माहिती वेळेत जाहीर केली नाही, अशी तक्रार खुद्द चोरांनीच अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाकडे नोंदवली.

फिनलंडमधली घटना वाचताना मात्र अंगावर काटा येतो. व्हास्तामो या मानसोपचार केंद्राची चोरलेली कागदपत्रं घेऊन २०२० मध्ये खंडणीखोराने थेट रुग्णांनाच लिहिलं: बंद खोलीत डॉक्टरांना सांगितलेलं जगाला कळू नये असं वाटत असेल, तर दोनशे युरो द्या. हजारो रुग्ण, त्यांतले काही अल्पवयीन. २०२४ मध्ये गुन्हेगाराला सहा वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. त्या रुग्णांनी काय सोसलं, याच्यापुढे ती फार तोकडी वाटते.

मुंबईला भेटलेली हाइव्ह, पुण्याला भेटलेले हंटर्स

टोळ्या मरतात आणि नाव बदलून परततात. त्याचं सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्याच दोन शहरांत आहे.

१४ ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबईच्या टाटा पॉवरने संगणक यंत्रणेवर हल्ला झाल्याचं जाहीर केलं. वीजपुरवठ्याची मुख्य यंत्रणा सुरू होती. अकरा दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, हाइव्ह टोळीने कंपनीतून चोरलेली म्हणून माहिती उघड केली. आता या तारखांशेजारी आणखी एक तारीख ठेवा. जुलै २०२२ पासून एफबीआयचे लोक हाइव्हच्या यंत्रणेत गुपचूप शिरलेले होते. म्हणजे टाटा पॉवरवर घाला पडला, त्या काळात खुद्द टोळीच्या घरातच पोलीस होते. सात महिने आत राहून त्यांनी हल्ला चालू असलेल्या तीनशेहून अधिक पीडितांना आणि आधीच्या हजारावर पीडितांना किल्ल्या मिळवून दिल्या, सुमारे १३ कोटी डॉलरची खंडणी वाचवली आणि २६ जानेवारी २०२३ ला टोळीचे सर्व्हर ताब्यात घेतल्याचं जाहीर केलं. तोवर हाइव्हने ८० देशांत १,५०० पीडित गाठले होते आणि १० कोटी डॉलर लुटले होते.

हाइव्ह संपली. ऑक्टोबर २०२३ मध्ये हंटर्स इंटरनॅशनल नावाची नवी टोळी दिसली आणि तिच्या प्रोग्रॅममधल्या ओळी हाइव्हच्या ओळींशी जुळत असल्याचं तज्ज्ञांच्या लक्षात आलं. आम्ही तो विकत घेतला आहे, असं हंटर्सचं म्हणणं. ३१ जानेवारी २०२५ ला पुण्याच्या टाटा टेक्नॉलॉजीजने रॅन्समवेअर हल्ल्यामुळे काही सेवा थांबवल्याचं शेअर बाजारांना कळवलं. मार्चमध्ये हंटर्सनी १.४ टेराबाइट माहिती पळवल्याचा दावा केला. मुंबईत ज्या घराण्याने घाव घातला, त्याचाच वारसा सांगणारी टोळी दोन वर्षांनी पुण्यात उभी होती.

जुलै २०२५ मध्ये हंटर्सनी दुकान बंद करत असल्याचं सांगितलं आणि जुन्या पीडितांना किल्ल्या फुकट देऊ केल्या. पण त्याआधीच वर्ल्ड लीक्स हे नवं नाव बाजारात आलं होतं आणि संशोधकांना ती हंटर्सचीच पुढची पिढी वाटते. ही टोळी फायलींना कुलूप लावायच्या भानगडीत पडत नाही. माहिती चोरायची आणि धमकावायचं, बस्स. कुलपाचे कष्ट वाचतात आणि पोलिसांचा ससेमिराही कमी, असा त्यांचा हिशोब. एमआयडीसीच्या प्रकरणात नाव आलेल्या सायनॅकच्या टोळीनेही २०२१ मध्ये एल कोमेटा हे नाव घेतलं, जुन्या किल्ल्या सोडून दिल्या आणि हस्तक नेमून धंदा वाढवायला निघाली.

अशा फुकटच्या किल्ल्यांचं कौतुक करू नये. जुनं नाव पोलिसांच्या यादीत गेलेलं असतं, ते टाकून द्यायचं असतं.

सीरियातला बाप

एक अपवाद नोंदवावा लागेल. ऑक्टोबर २०१८ मध्ये सीरियातल्या एका बापाने लिहिलं की, युद्धात गेलेल्या आपल्या मुलांचे फोटो गँडक्रॅबने कुलूपबंद केले आहेत आणि खंडणी द्यायला पैसे नाहीत. ते वाचून टोळीने सगळ्या सीरियन पीडितांच्या किल्ल्या जाहीर केल्या. पुढच्या वर्षी याच टोळीने २०० कोटी डॉलरची उलाढाल झाल्याची फुशारकी मारून निवृत्ती घोषित केली. तो आकडा त्यांचाच, पारखून कुणी घेतलेला नाही. तिच्या जागी उभी राहिली ती रेव्हिल. स्वीडनची दुकानं बंद पाडणारी.

दुसरी एक सूट मात्र दयेची नव्हे, धोरणाची. डार्कसाइड, रेव्हिल यांसारखे प्रोग्रॅम संगणकात आल्यावर आधी भाषा तपासत. रशियन किंवा आसपासच्या देशांची भाषा बसवलेली दिसली की काम न करता गप्प होत. आपल्या अंगणातल्या पोलिसांना डिवचायचं नाही, हा त्यामागचा नियम. मराठी, हिंदी, तमिळ यांना अशी सूट कुठेच नाही.

पैसे देऊन काय मिळालं?

या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर २०२४ ने दिलं.

२१ फेब्रुवारी २०२४ ला अमेरिकेतल्या चेंज हेल्थकेअरवर ब्लॅककॅटच्या हस्तकाने हल्ला केला. ही कंपनी दवाखाने, औषधदुकानं आणि विमा यांच्यातले व्यवहार जुळवते. ती बंद पडल्यावर देशभर औषधांची बिलं अडली. आत शिरायला लागला होता एक चोरलेला पासवर्ड. ज्या दारातून चोर आला, तिथे ओटीपीसारखी दुसरी तपासणी नव्हती. कंपनीने २ कोटी २० लाख डॉलर दिले. मालक टोळीने ती सगळी रक्कम घशात घातली, हस्तकाला छदाम दिला नाही आणि पोलिसांनी जप्ती केल्याची खोटी पाटी लावून पोबारा केला. चिडलेल्या हस्तकाकडे माहिती तशीच होती. एप्रिलमध्ये रॅन्समहब या दुसऱ्या टोळीच्या नावाने तीच माहिती दाखवून पुन्हा मागणी आली. सुमारे १९ कोटी लोकांची आरोग्यमाहिती या प्रकरणात उघडी पडली. पैसे दिले, तरी.

त्याच फेब्रुवारीत ब्रिटनच्या एनसीए या पोलीस यंत्रणेने दहा देशांच्या संयुक्त मोहिमेत लॉकबिटचा गड फोडला. ही तीच टोळी, जिने आपलं चिन्ह अंगावर गोंदवून घेणाऱ्यांना हजार डॉलर देऊ केले होते आणि काहींनी खरंच गोंदवूनही घेतलं. पोलिसांना तिच्या सर्व्हरवर काय सापडलं? ज्यांनी पैसे मोजून आपली माहिती पुसून घेतली होती, त्यांची माहिती. पुसलेलीच नव्हती. मे महिन्यात टोळीचा म्होरक्या म्हणून दिमित्री खोरोशेव याचं नाव जाहीर झालं आणि त्याच्यावर अमेरिकेने एक कोटी डॉलरचं इनाम लावलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. खंडणी देऊन गप्प बसण्याचं वचन विकत घेता येत नाही. जगाला हे कळू लागलं आहे. चेनॅलिसिस या कंपनीच्या मोजणीनुसार २०२३ मध्ये टोळ्यांच्या हाती सुमारे १२५ कोटी डॉलर पडले होते, २०२४ मध्ये ते ८१ कोटींवर आले. नकार देणारे वाढले.

नकार देण्याची ऐपत मात्र आधी तयार करावी लागते. इंग्लंडमधली केएनपी ही १५८ वर्षं जुनी मालवाहतूक कंपनी २०२३ मध्ये अकिरा टोळीच्या हल्ल्यानंतर कायमची बंद झाली, ७०० लोकांची नोकरी गेली. सुरुवात झाली होती ती, असं मानलं जातं, एका कर्मचाऱ्याच्या सहज ओळखता येणाऱ्या पासवर्डपासून.

घानातली वीज गेली, मर्स्क वाचली

२७ जून २०१७ ला नॉटपेट्या पसरला. वरून रॅन्समवेअर, पण पैसे देऊनही उघडणारच नाही असा, निव्वळ नासधूस करणारा. उरणजवळच्या न्हावाशेवा बंदरात मर्स्क हा जहाजवाहतूक समूह चालवत असलेल्या टर्मिनलचं काम ठप्प झालं आणि कंटेनर अडकले. जालन्याजवळ दरेगावचा ड्रायपोर्ट प्रकल्प याच बंदराच्या प्राधिकरणाने हाती घेतला, तेव्हा ही गोष्ट मराठवाड्याला परकी नाही.

मर्स्कने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे केले. पण सगळ्या जाळ्याचा नकाशा ज्यात असतो, ते मुख्य सर्व्हर जगभर एकाच वेळी पुसले गेले होते. फक्त एक वाचला, घानातल्या कार्यालयातला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती, म्हणून तो जाळ्यावर नव्हता. त्या एका प्रतीवरून जगातल्या सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एक पुन्हा सावरली.

म्हणून पतसंस्था, शाळा, दवाखाना, दूध संघ, ग्रामपंचायत किंवा आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि काम झालं की ती डिस्क संगणकापासून काढून ठेवा. जोडलेलीच राहिली तर तिलाही कुलूप लागेल. ती प्रत उघडते का, हे अधूनमधून तपासा. दुरून संगणक चालवायची सोय लागत नसेल तर बंद करा, लागत असेल तर तिला ओटीपी लावा. हल्ला झालाच, तर आधी नेटची वायर काढा आणि फायली पुसू नका. २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार संस्थांनी सहा तासांत सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवायचं आहे, आणि सायबर गुन्ह्यांसाठीचा मदत क्रमांक १९३० आहे. जुन्या अनेक कुलपांच्या किल्ल्या युरोपोल आणि डच पोलिसांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात विनामूल्य मिळतात. पैशांचा विचार मनात येण्याआधी तिथे शोधा.